निजलेले बी आणि शेवटची खुरपणी

मटकी रात्री भिजत घालून सकाळी फडक्यात बांधून ठेवली, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला टपोरे मोड येतात, हे घराघरांतील गृहिणींस सांगावयास नको. परंतु त्याच मटकीत काही दाणे असे निघतात की, ते ना भिजतात, ना फुगतात, ना शिजतात. दाताखाली आले म्हणजे खड्यासारखे लागतात. त्यांस आपण ‘गणंग’ म्हणतो आणि वेचून टाकून देतो. गणंग म्हणजे मेलेला किंवा किडका दाणा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या नेमकी उलट असते. गणंगाच्या पोटातील अंकुर बहुधा जिवंतच असतो. मात्र त्याचे कवच इतके घट्ट असते की, पाण्याचा थेंबही आत शिरू शकत नाही. असा दाणा सहाणेवर किंचित घासून पुन्हा भिजत घातला, तर तोही आपल्या भावंडांप्रमाणे मोड धरतो. तो मेलेला नसतो, निजलेला असतो. स्वयंपाकघरात क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टीतच आमच्या शेतकऱ्याच्या एका जुन्या दुःखाचे मूळ आहे.

ते दुःख तणाचे. देशावर जिला भांगलणी किंवा खुरपणी म्हणतात, खानदेश-वऱ्हाडात निंदणी म्हणतात आणि कोकणात बेणणी म्हणतात, ते काम दरसाल पावसाळ्यात चालते. ओल्या रानात कमरेत वाकून, खुरपे हाती घेऊन दिवसच्या दिवस हे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. शेत आरशासारखे स्वच्छ होते. आणि पुढच्या मृगात पाहावे, तो तेच तण, त्याच जोमाने, जणू कोणी त्यास हातच लावला नव्हता अशा थाटात पुन्हा उभे! आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे वास्तव्य शहरात असले, तरी गावाकडे वडिलोपार्जित जमीन आहे; ती एखादे काका किंवा वडीलबंधू पाहतात आणि हंगामाच्या अखेरीस खर्चाचा हिशेब घरात वाचला जातो. त्या हिशेबात खुरपणीच्या मजुरीचा आकडा आला म्हणजे, ‘दरवर्षी इतके पैसे घालूनही तण कसे ते मरत नाही,’ असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. या प्रश्नाचे शास्त्राने दिलेले उत्तर आज वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम पिकाचे बी आणि तणाचे बी यांतील फरक ध्यानात घ्यावयास हवा. मनुष्याने गहू, ज्वारी, मूग, भात ही हजारो वर्षांपूर्वी रानातून उचलून शेतात आणली. पेरल्याबरोबर जे बी उगवले, तेच त्याच्या कापणीत सापडले आणि तेच पुढील वर्षी पुन्हा पेरले गेले. जे बी आळसावून मातीत पडून राहिले, ते त्याच्या कणगीत कधी आलेच नाही. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या निवड होता होता पिकांच्या बियांची झोप जवळजवळ नाहीशी झाली. ज्वारी काढणीस आली असता पाऊस लागला, तर कणसातल्या कणसातच दाण्यांस कोंब फुटतात. हा या अति जागरूकतेचाच दुष्परिणाम होय. तणाचे मात्र तसे नाही. त्याचे बी कोणी जपून ठेवीत नाही, कोणी वेळेवर पेरीत नाही. त्यास आपल्या वंशाची काळजी आपणच घ्यावी लागते. ती घेण्यासाठी निसर्गाने त्यास जी युक्ती शिकविली, तीस शास्त्रज्ञ ‘बीजाची सुप्तावस्था’ म्हणतात. आम्ही सोयीसाठी तीस बीजनिद्रा म्हणू. ओल, ऊब आणि हवा ही तिन्ही अनुकूल असतानाही जिवंत बी उगवत नाही, तेव्हा ते निद्रेत आहे असे समजावे.

ही निद्रा कशासाठी, हे समजावयास एखाद्या जाणत्या कुटुंबप्रमुखाचे उदाहरण पुरे आहे. घरातील सारी पुंजी तो एकाच व्यापारात घालीत नाही. काही शेतात, काही पेढीवर, काही सोन्यात अशी ती विभागून ठेवतो. एक बाजू बुडाली तरी घर बुडत नाही. तणाचे झाडही हेच करते. सारीच बीजे पहिल्या पावसात उगवली आणि मागाहून महिनाभर पावसाने दडी मारली, तर त्या जातीचा तेथे निर्वंश होईल. म्हणून काही बीजे यंदा, काही पुढल्या वर्षी, काही दहा वर्षांनी उठतील अशी वाटणी झाडाच्या अंगीच असते. इस्रायली शास्त्रज्ञ डॅन कोहेन यांनी १९६६ साली गणिताने दाखवून दिले की, जेथे वर्षावर्षांचा भरवसा नाही, तेथे काही बी राखून ठेवणाऱ्या वनस्पतीचाच वंश दीर्घकाळ टिकतो. आमच्या दख्खनच्या पठारावर पावसाचा भरवसा किती, हे वाचक जाणतातच.

या वाटणीचा नमुना पाहावयाचा असेल, तर निळ्या फुलांचा केना पाहावा. बांधावर आणि पिकात सर्वत्र आढळणाऱ्या या तणास वर दिसणारी फुले तर येतातच; पण त्याखेरीज जमिनीच्या आत, डोळ्यांस न दिसणारी, कधी न उमलणारी फुलेही येतात आणि त्यांतही बी धरते. वरच्या व खालच्या दोन्ही फुलांत मोठे आणि लहान असे दोन तऱ्हेचे बी असते. अशी एकाच झाडाची चार तऱ्हांची बीजे. त्यांतील मोठी लवकर जागी होतात, लहान दीर्घकाळ निजून राहतात. दुसरे उदाहरण शंकेश्वराचे. ज्याची काटेरी बोंडे धोतरास व गुरांच्या शेपटीस चिकटतात, तेच हे झुडूप. त्याच्या एका बोंडात दोन बीजे असतात. त्यांतील एक पहिल्याच हंगामात उगवते. दुसरे एखादे वर्ष, प्रसंगी अधिकही, मागे राहते. थोरला घराबाहेर पडला, तरी धाकटा घर राखावयास आहेच! आपण थोरल्यास उपटतो आणि काम झाले असे समजून घरी परततो.

निद्रा सर्वांची एका प्रकारची नसते. मटकीच्या गणंगाप्रमाणे काहींचे कवचच अभेद्य असते. आषाढात ज्याची कोवळी पाने आणून आपण भाजी करतो, तो टाकळा या वर्गातला. उन्हाळ्यातील ताप, मातीचे घर्षण आणि काळाचा झिजविणारा हात लागून एकेका बियाचे कवच निरनिराळ्या वेळी सैल होते. म्हणून टाकळा एकदम न संपता वर्षानुवर्षे उगवत राहतो. दुसऱ्या कित्येकांचे कवच पाणी घेते, पण आतील अंकुरच उठावयास राजी नसतो. त्याच्या ठायी निद्रा आणणारे ॲब्सिसिक आम्ल आणि जागे करणारे जिबरेलिन यांची ओढाताण चाललेली असते. काही महिन्यांचा उन्हाळा किंवा हिवाळा लोटला म्हणजे पारडे जागृतीकडे झुकते. तिसरा प्रकार परिस्थितीने लादलेल्या निद्रेचा. बी उठावयास सिद्ध असते, परंतु अंधारात, खोल मातीखाली त्यास इशारा मिळत नाही. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन हार्पर यांनी १९५७ साली जन्मजात, मागाहून अंगी आलेली आणि परिस्थितीने लादलेली असे बीजनिद्रेचे तीन भेद केले. शेतकऱ्यास ते आजही उपयोगी आहेत.

इशारा कशाचा म्हणाल, तर मुख्यतः उजेडाचा. १९५२ साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बॉर्थविक, हेंड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅलडच्या पानांसाठी लावतात त्या लेट्यूसच्या बियांवर प्रयोग केले. तांबडा प्रकाश दाखविला की बी जागे होई. त्यापाठोपाठ डोळ्यांस जेमतेम दिसणारा गडद तांबडा प्रकाश दाखविला की पुन्हा निजे. बियांतील ज्या द्रव्यामुळे असे घडते त्यास पुढे फायटोक्रोम हे नाव मिळाले. हिरव्या पानांतून झिरपून आलेल्या उजेडात तांबडा भाग फारच थोडा उरतो. तेव्हा दाट पिकाच्या सावलीतील बियास ‘वर आधीच कोणी उभे आहे, उठू नकोस’ असा निरोप मिळतो. याहून नवलाची गोष्ट म्हणजे, काही काळ मातीत गाडले गेलेले बी उजेडास विलक्षण हळवे होते. अर्जेंटिनातील संशोधकांनी धोतऱ्याच्या एका भाईबंदाची बीजे जमिनीत पुरून ठेवली व मग तपासली. सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याइतका वेळ सूर्यप्रकाश लागला तरी त्यांतील पुष्कळ जागी झाली, असे त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले. नांगराच्या फाळाने ढेकूळ उलटताना बियास जो क्षणभर उजेड दिसतो, तो त्यास पुरतो. म्हणजे आपण नांगरतो तेव्हा तण मारतो हे खरे. परंतु त्याच वेळी निजलेल्या हजारोंस हाकही मारतो.

आता ही झोप टिकते तरी किती? या प्रश्नावर जगात जो सर्वांत दीर्घ प्रयोग चालला आहे, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेतील मिशिगन कृषि महाविद्यालयाचे प्रोफेसर विल्यम जेम्स बील यांस तेथील शेतकरी नेहमी विचारीत की, किती वर्षे खुरपले म्हणजे शेतातील तणाचे बी संपेल? बील यांनी १८७९ सालच्या शरद ऋतूत वीस बाटल्या घेतल्या. एकवीस जातींच्या वनस्पतींचे प्रत्येकी पन्नास दाणे ओलसर वाळूत मिसळून प्रत्येक बाटलीत भरले आणि आत पाणी साचू नये म्हणून तोंड खाली करून त्या जमिनीत पुरल्या. दर पाच वर्षांनी एक बाटली काढून त्यांतील बी पेरून पाहावयाचे, असा बेत होता. पुढे बी अपेक्षेहून फारच चिवट ठरत आहे असे दिसून आल्यावर १९२० पासून दर दहा वर्षांनी आणि १९८० पासून दर वीस वर्षांनी बाटली काढण्याचे ठरले. बील १९२४ साली वारले. परंतु जागेची खूण गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. २०२० साली काढावयाची बाटली महामारीमुळे एक वर्ष लांबली. २०२१ च्या एप्रिलात, बियांस उजेड लागू नये म्हणून रात्री, ती उकरून काढण्यात आली. एकशे एक्केचाळीस वर्षांच्या निद्रेनंतर त्यांतील वीस दाणे उगवले, आणि ते सारे व्हर्बॅस्कम नावाच्या पिवळ्या फुलांच्या तणाचे होते. अद्याप चार बाटल्या जमिनीत आहेत. शेवटची २१०० साली निघावयाची आहे. शेतकऱ्यांच्या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यास एक मनुष्यजन्म पुरला नाही!

अर्थात सर्वच बीजे इतकी चिरंजीव नसतात. बील यांच्या एकवीस जातींपैकी बहुतेक कधीच संपून गेल्या. तथापि सामान्य तणाचे बी काही वर्षे ते काही दशके मातीत टिकते, हे निरनिराळ्या देशांतील प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. इंग्लंडातील रॉथमस्टेड येथे विनिफ्रेड ब्रेंचली या विदुषीने व त्यांच्या सहकारी वॉरिंग्टन यांनी १९३० च्या सुमारास शेतातील माती पसरट भांड्यांत भरून, तीस पाणी घालून, मधूनमधून ढवळून, उगवणारे प्रत्येक रोप मोजले. एकदा उगवून संपले असे वाटावे, तो माती ढवळल्यावर पुन्हा नवे उगवावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. मातीतील या साठ्यास शास्त्रज्ञ ‘बीजपेढी’ म्हणतात. नांगरटीच्या जमिनीत एका चौरस मीटरमध्ये काही हजारांपासून कित्येक दहा हजारांपर्यंत जिवंत बीजे आढळतात. एका वर्षी त्यांतील अल्पांशच उगवतो. शेतात जे तण दिसते, ते पेढीवरच्या ठेवीचे नुसते व्याज. मुद्दल मातीत सुरक्षित असते.

हे मुद्दल किती वेगाने घटते, याचा हिशेबही झालेला आहे. इंग्लंडातील वेल्सबोर्न येथील रॉबर्ट्स व डॉकिन्स यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नवे बी पडू न देता जमीन राखली. न ढवळलेल्या जमिनीतील साठा दरसाल सुमारे २२ टक्के घटला, वर्षातून दोनदा खणलेल्या जमिनीतील ३० टक्के, आणि चारदा खणलेल्या जमिनीतील ३६ टक्के. हा दर आपण आपल्या एखाद्या वावरास लावून पाहू. एका तुकड्यात दहा हजार बीजे आहेत असे धरा. चार वेळा ढवळीत राहिलो आणि एकही नवे बी पडू दिले नाही, तर पहिल्या वर्षाअखेर ६,४०० उरतील, तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे २,६००, पाचव्या वर्षाअखेर सुमारे १,१०० आणि सातव्या वर्षाअखेर सुमारे ४४०. एका वर्षाचे बी म्हणजे सात वर्षांची खुरपणी, अशा अर्थाची म्हण इंग्रज शेतकऱ्यांत आहे. ती अगदीच वाऱ्यावरची नाही, हे या आकड्यांवरून दिसेल. परंतु या हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. सात वर्षांच्या कष्टाने साठा ४४० वर आणला, आणि आठव्या वर्षी बांधाकडे गाजरगवताचे एकच झाड राहू दिले, तर ते एकटे पंधरा-वीस हजार बी टाकू शकते. माठाच्या कुळातील एखादे जोमदार तण तर लाखावर टाकते. सात वर्षांची काटकसर एका दुपारी उधळली गेली!

आमच्या लेखाचे सार येथेच आहे. पीक पेरल्यापासून पहिले तीस-पंचेचाळीस दिवस तणाचा उपद्रव पिकास सर्वांत जास्त भोवतो. म्हणून पहिल्या दोन खुरपण्या कोणी सहसा चुकवीत नाही. पुढे पीक वर निघते, तणास झाकून टाकते, आणि मग मागून आलेले विरळ तण पाहून शेतकरी म्हणतो, ‘आता राहिले तर राहू दे; यंदाच्या पिकास काही होत नाही.’ घरात हिशेब वाचणारेही त्यास मान डोलावितात, कारण तेवढीच मजुरी वाचते. त्याचे म्हणणे खरे आहे: यंदाच्या पिकास बहुधा काही होत नाही. परंतु हेच मागे राहिलेले तण फुलते, बी धरते आणि कापणीच्या आधीच ते मातीत झाडून मोकळे होते. पहिली खुरपणी यंदाचे पीक वाचविते. शेवटची खुरपणी पुढील दहा वर्षांची. जिचा लाभ यंदा दिसत नाही, तीच टाळण्याचा मोह होतो, आणि तीच टाळणे सर्वांत महाग पडते. जमीन एकत्र कुटुंबाची असेल, तर ज्याने मजुरी वाचविली त्यास श्रेय मिळते आणि कर्ज फेडावे लागते ते पुतण्यांस! पुढील मृगात अधिक वाकावे लागते ते तर त्या खुरपणाऱ्या स्त्रियांसच. म्हणून फुलावर आलेले तण, बी धरण्यापूर्वी, शेतातूनच नव्हे तर बांधावरून, पाटाच्या कडेवरून आणि खळ्याभोवतालूनही काढून टाकणे, हा खर्च मजुरीच्या खाती न मांडता भांडवलाच्या खाती मांडावा, असे आमचे सांगणे आहे.

नवे बी पडू न देणे ही अर्धी नीती झाली. उरलेली अर्धी म्हणजे, निजलेल्यास आपल्या सोयीच्या वेळी जागे करून मारणे. आमच्या पूर्वजांस ही नीती शास्त्राच्या नावाने नसली तरी अनुभवाने ठाऊक होती. सोलापूर-नगरकडील काळ्या रानात रब्बीची ज्वारी घ्यावयाची असली म्हणजे पावसाळ्यात रान मोकळे ठेवतात आणि प्रत्येक चांगल्या पावसानंतर वाफसा येताच कुळवाची पाळी देतात. ओल राखणे हा एक हेतू. पण त्याबरोबर पावसाने जागे झालेले तण प्रत्येक पाळीत कापले जाते, व पेरणीपूर्वीच पेढीतील बराच ऐवज बाहेर निघून नष्ट होतो. खरिपातही पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवस थांबून, उगवलेले तण उथळ कुळवाने मारून मग पेरावे, असा सल्ला आजचे शास्त्रज्ञ देतात. यात ‘उथळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेरणीच्या तोंडावर खोल नांगरले, तर खालची निजलेली फौज वर येते. एकदा खोल गाडलेले बी लगेच पुढल्या वर्षी पुन्हा वर आणू नये, हेही त्याच कारणास्तव. उलट वर पडून राहिलेले बी मुंग्या, किडे आणि पाखरे फार मोठ्या प्रमाणात खाऊन टाकतात. म्हणून पीक निघाल्यावर लागलीच नांगर न घालणे कधीकधी हिताचे ठरते. पीक दाट व सारखे उगवले की त्याच्या हिरव्या सावलीत बी निजूनच राहते, हे वर सांगितलेच आहे. जर्मनीत काही संशोधकांनी बियांस उजेडच दिसू नये म्हणून रात्री नांगरून पाहिले. त्यास काही ठिकाणी यश आले, काही ठिकाणी आले नाही, कारण सर्वच तणे उजेडाच्या इशाऱ्यावर चालत नाहीत.

कोकणात व मावळात भाताचे रोप टाकण्यापूर्वी पालापाचोळा व शेण पसरून राब भाजतात. त्यात वरच्या थरातील तणाचे बी जळते, हा एक लाभ आहे. परंतु त्यापायी झाडांच्या फांद्या तुटतात हे विसरून चालणार नाही. इस्रायलात याकोव्ह काटान यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत भर उन्हाळ्यात ओलसर जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरून चार-सहा आठवडे सूर्याच्या उष्णतेनेच माती तापवितात. रोपवाटिकेच्या लहान वाफ्यास ही युक्ती आमच्याकडील वैशाखात सहज साधण्याजोगी आहे. मात्र गणंगाच्या जातीची कठीण कवचाची बीजे व लव्हाळ्याच्या गाठी तिला पुष्कळदा दाद देत नाहीत. शेणखताचेही असेच. टणक बी गुराच्या पोटातून जिवंत बाहेर पडते. ताजे शेण शेतात टाकणे म्हणजे तणाची पेरणीच. उकिरडा नीट रचून, उलटसुलट करून, आत ऊन होऊन पुरता कुजू दिला, तर बहुतेक बी मरते.

जागे करून मारण्याच्या नीतीचे सर्वांत विलक्षण उदाहरण ज्वारीच्या टारफुल्याचे आहे. हे परोपजीवी तण ज्वारीच्या मुळांस चिकटून तिचा रस शोषते. ते जमिनीवर दिसू लागण्यापूर्वीच पीक खंगू लागते. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते. एका झाडास ते हजारोंनी येते आणि दहा-वीस वर्षे मातीत वाट पाहत राहते. कोणाची वाट? मालकिणीच्या पावलांची! ज्वारीच्या कोवळ्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याचा अत्यल्प अंश जवळ आला, तरच ते उठते; आणि उठल्यावर काही दिवसांत मूळ न सापडले, तर उपाशी मरते. असे पहिले द्रव्य १९६६ साली कापसाच्या मुळांतून वेगळे करण्यात आले व त्यास स्ट्रायगॉल हे नाव मिळाले. गंमत अशी की, कापसावर हे तण वाढूच शकत नाही. म्हणजे कापूस त्यास हाक मारतो, पण जेवावयास वाढीत नाही! ज्वारीनंतर त्याच रानात कापूस किंवा चवळी घेण्याने टारफुला का हटतो, याचे हे इंगित आहे. अमेरिकेतील कॅरोलायना प्रांतांत हे तण १९५६ साली आढळले, तेव्हा तेथे जमिनीत एथिलीन वायू सोडून यजमान पीक नसतानाच बी जागे करण्यात आले आणि उपाशी मारण्यात आले. इतर उपायांच्या जोडीने चाललेल्या या मोहिमेमुळे त्याचे क्षेत्र पुढील काही दशकांत अगदी थोडे उरले. आंब्याच्या आढीत फळे पिकविणारा जो वायू, तोच हा.

पुणेकरांच्या परिचयाच्या गाजरगवताची तऱ्हा वेगळी. भारतात त्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली पुण्यातील झाडांवरून झाली आणि आज ते देशभर पसरले आहे. त्याच्या ताज्या बियांची झोप गाढ नसते. ओल मिळाली की बाराही महिने ते उगवते. वर पडलेले बी लवकर संपते, पण मातीत गाडले गेलेले वर्षानुवर्षे टिकते. म्हणून ते फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून (त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या अंगास खाज व पुरळ येते), मुळासकट उपटावे. बी धरलेले झाड उपटून शेतात पसरून ठेवू नये किंवा मातीत गाडू नये.

येथे कोणी म्हणेल, तणनाशक औषधे निघाली असता इतका खटाटोप कशास? औषधांचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. परंतु फवारा पडतो तो उगवलेल्या किंवा उगवू पाहणाऱ्या रोपावर. निजलेल्या बियास त्याची वार्ताही नसते. ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या शेतांत तर असे आढळून आले आहे की, जेथे वर्षानुवर्षे पेरणीपूर्वी तण मारण्याचा धडाका चालला, तेथील रायग्रास नावाचे तण अधिक उशिरा उठू लागले. लवकर उठणारे मारले गेले; झोपाळू तेवढे उरले आणि त्यांचाच वंश वाढला. म्हणून तेथील रे हॅरिंग्टन नामक एका शेतकऱ्याने कापणीच्या वेळी भुशाबरोबर निघणारे तणाचे बी यंत्रात भरडून टाकण्याची युक्ती काढली. बी मातीत पडण्यापूर्वीच गाठावे, हेच तत्त्व तेथेही. हराळी, लव्हाळा, कुंदा यांसारखी जी तणे मुख्यतः काशांतून व गाठींतून वाढतात, त्यांचा विचार अर्थात निराळा आहे. त्यांस खणून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

सर्व तण समूळ नष्ट व्हावे, असा मात्र आमच्या म्हणण्याचा अर्थ नव्हे. घोळ, तांदुळजा, कुर्डू आणि टाकळा ही शेतकऱ्याच्या दृष्टीने तणे असली, तरी पावसाळ्यात आमच्या पानांतील भाज्या आहेत. बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करणाऱ्या ऋषिपंचमीस तर असल्या आपोआप उगवणाऱ्या भाज्यांचाच मान. श्रावण-भाद्रपदातील पूजेस आघाडा, धोतरा, माका यांची पत्री लागते. या वनस्पती कोणी पेरीत नाही. दरसाल त्या आपल्या हाती येतात त्या बीजपेढीतूनच. भाजी म्हणून कोवळेपणीच खुडलेला टाकळा बी धरीत नाही, हाही एक लाभच. शत्रुत्व त्या वनस्पतीशी नाही, पिकाच्या रानात तिला बी धरू देणाऱ्या आपल्या आळसाशी आहे.

हे सारे डोळ्यांनी पाहण्याची ज्यांस इच्छा असेल, त्यांनी सुटीत मुलांकडून एक सोपा प्रयोग करवावा. गावाकडील शेतातील वरच्या चार बोटांची ओंजळभर माती आणून पसरट थाळीत पातळ थर करावा, ती गच्चीत किंवा सज्जात ठेवून नेमाने शिंपावी. जे उगवेल ते मोजून, वहीत तारीख घालून लिहावे आणि उपटून टाकावे. महिन्याभराने उगवणे थांबले की माती वाळू द्यावी, बोटांनी ढवळावी आणि पुन्हा शिंपावी. पुन्हा हिरवे कोंब दिसतील. त्यानंतर पुन्हा एकदा ढवळल्यावर बहुधा आणखीही. आपल्या एका ओंजळीत किती निजलेले आहेत हे मुलांनी एकदा मोजले, म्हणजे वावरभर मातीत किती असतील याचा अंदाज त्यांस आपोआप येईल. आणि पुढच्या हिशेबात शेवटच्या खुरपणीचा आकडा वाचला जाईल, तेव्हा तो कमी करावा असे घरातील कोणी सुचविणार नाही.